अकरा सेंटिमीटरच्या काठावरचं नाव

25 जुलै 2024च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणी घाटात 556 मिलिमीटर पाऊस कोसळला. इराकमधल्या बसऱ्याला एवढा पाऊस पडायला साडेतीन-चार वर्षं लागतात. तिथे उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो. ज्या माणसाने जन्मभर इरल्याखाली वाकून भातलावणी केली, त्याला त्या वाळवंटात नेऊन उभा केला तर त्याचा दिवस कसा जात असेल? पहिल्या महायुद्धात मावळ-कोकणातल्या माणसांच्या बाबतीत हे खरंच घडलं.

मुळशीतल्या पौडपासून पुण्याचा कॅम्प म्हणजे सडसडीत माणसाची एका दिवसाची चाल. त्या कॅम्पाचं नाव लावणारी ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी ‘पूना डिव्हिजन’ 1914मध्ये मुंबई बंदरातून समुद्रमार्गे पावणेतीन-तीन हजार किलोमीटरवरच्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. 6 नोव्हेंबर 1914ला तिची पहिली ब्रिगेड फावच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा तिच्यात 117वी मराठा पलटण होती. मागोमाग 103वी आणि 110वी याही मराठा पलटणी आल्या. भरती दख्खन आणि कोकणातली. घरी नाचणीची भाकरी आणि भात खाणारी ही माणसं.

त्या युद्धात 13 लाखांहून जास्त हिंदी माणसं परदेशी गेली. आकडा एवढा मोठा की तो कानावरून निघून जातो. तो मुळशीच्या मापाने मोजू. 2011च्या जनगणनेत मुळशी तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 71 हजार होती. म्हणजे म्हातारी-कोतारी, पाळण्यातली पोरं धरून असे साडेसात तालुके रिकामे करून बोटींवर चढवले, तर 13 लाख भरतात. त्यांतली निम्मी माणसं एकट्या मेसोपोटेमियात गेली. 74 हजारांहून जास्त परत आली नाहीत.

आता एकाच शिपायाकडे पाहू. त्याचा मूळ पगार महिन्याला 11 रुपये, म्हणजे दिवसाचे पुरते सहा आणेही नाहीत. त्याचा रोजचा शिधा ठरलेला होता: दीड पौंड आटा, म्हणजे 680 ग्रॅम, पाव पौंड डाळ, दोन औंस तूप, थोडा गूळ, मीठ, मिरची, हळद, चहा. साडेसातशे माणसांच्या एका पलटणीला रोज पाचशे किलोंवर आटा लागायचा, म्हणजे पन्नास किलोची दहा पोती. एका दिवसाची दहा, महिन्याची तीनशे. हा सगळा माल जहाजाने बसऱ्याला, तिथून उथळ तळाच्या बोटींनी तैग्रिस नदीतून वर न्यायचा. नदीचं पाणी उतरलं की बोट गाळात रुतणार आणि पुढच्या छावणीत चूल थंड राहणार. लढाई एखाद्या दिवशी होते, पण भूक रोज लागते. परमुलखातल्या फौजेचं बहुतेक आयुष्य पोती उचलण्यात, पखालीने पाणी आणण्यात, चर खणण्यात, माश्या हाकलण्यात आणि वाट बघण्यात जातं. मेसोपोटेमियात गोळीशिवाय रोगानेही हजारो माणसं मेली.

डिसेंबर 1915च्या पहिल्या आठवड्यात तैग्रिसच्या एका वळणात, कुत-अल-अमारा या गावी, तुर्की फौजेने पूना डिव्हिजनला वेढा घातला. तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या. वेढा चालला 147 दिवस. आपल्याकडे रोहिणीचा पेरा आश्विनात कापणीला येतो, साधारण तेवढा काळ.

या 147 दिवसांत शिधा आटत गेला. 680 ग्रॅम आट्याच्या जागी शेवटच्या दिवसांत चार-पाच औंस पीठ उरलं, म्हणजे 110 ते 140 ग्रॅम. हे प्रमाण नीट समजायचं असेल तर परातीत तेवढं पीठ काढून पाहा. जेमतेम दोन भाकऱ्या होतात. त्यावर दिवसभर पहारा आणि रात्री चर खणायचे. घोडे-खेचरं कापली जात होती. पण ते मांस हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे धर्मापायी नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती बिनतारी यंत्रावरून मागवून घेतली गेली, तरीही अनेकांचा घास घशाखाली उतरेना.

गावात जव होते, पण दळणार कशावर? म्हणून विमानातून जात्याचा दगड टाकला गेला, सुमारे 70 पौंडांचा, म्हणजे 32 किलोंचा. कापडी छत्रीला बांधून तो आकाशातून खाली आला. ज्या मुलखात जात्याची घरघर आणि ओव्या ऐकत पहाट व्हायची, तिथल्या माणसाने चरात उभं राहून आभाळातून उतरणारा दगड पाहिला असेल. त्या क्षणी त्याला घरातलं कोण आठवलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

एप्रिल 1916मध्ये विमानांनी धान्यही टाकलं. वेढ्यात अडकलेल्या फौजेला विमानातून जगवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न समजला जातो. दोन आठवड्यांत मिळून सुमारे 16,800 पौंड माल पोचला, म्हणजे साडेसात टनांच्या थोडा वर. ऐकायला पुष्कळ वाटतं. आत 13 हजार माणसं होती. त्यांत जवळपास सात हजार हिंदी शिपाई आणि तीन हजारांवर भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले. भागून पाहिलं तर दर माणशी रोज चाळीसेक ग्रॅम, म्हणजे एक छोटी मूठ.

बाहेरून वेढा फोडायला आलेल्या फौजेचे सुमारे 23 हजार लोक मेले-जखमी झाले. आतल्या 13 हजारांना सोडवण्यासाठी बाहेर 23 हजार! तरी वेढा फुटला नाही. 29 एप्रिल 1916ला कुत पडलं. कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेलेल्यांपैकी चार हजारांहून जास्त माणसं कैदेत मेली.

या सगळ्यात घराशी धागा एकच होता, पत्राचा. मेसोपोटेमियाच्या आधी आणि बरोबरीने फ्रान्समध्येही हिंदी फौज लढत होती. खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्या तिथे होत्या. 1915च्या मार्चमध्ये फ्रान्समधले हिंदी सैनिक आठवड्याला 10 ते 20 हजार पत्रं लिहीत, असा सेन्सॉरचा हिशेब होता. आठवड्यात 10,080 मिनिटं असतात. म्हणजे दिवसरात्र, दर मिनिटाला एक-दोन पत्रं. त्यांतल्या अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, वाचून तपासणारा तिसरा, आणि गावी घरच्यांना वाचून दाखवणारा चौथा. चार माणसांच्या तोंडून गेल्यावर बायकोपर्यंत जे पोचायचं, त्यात मनातलं किती उरत असेल?

आज संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणारा जवान रात्री व्हिडिओ कॉलवर लेकीचा अभ्यास घेऊ शकतो. आजवर 2 लाख 90 हजारांहून जास्त भारतीय अशा मोहिमांवर गेले आणि सुमारे 180 जण तिकडेच कामी आले. जगात कुठल्याही देशाने शांतिसेनेत एवढे जवान गमावलेले नाहीत. साधनं बदलली, तरी परमुलखात दिवस मोजत बसणं बदललेलं नाही.

मला अस्वस्थ करणारा आकडा मात्र वेगळा आहे. बसऱ्याचं युद्धस्मारक 1929मध्ये उघडलं. मेसोपोटेमियात मेलेल्या 40 हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या: अमुक पलटण, आणि इतर इतके शिपाई. 147 दिवस मूठभर पिठावर काढणारा माणूस दगडावर ‘इतर’ झाला. एप्रिल 2021मध्ये, जवळपास शंभर वर्षांनी, अशा युद्धस्मारकांची निगा राखणाऱ्या आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली.

आपल्या गावांतल्या पाट्याही तशाच आहेत. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अनेक ठिकाणी चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक दगडी पाटी असते: या गावातून महायुद्धास इतके गेले, पैकी इतके मेले. दोन आकडे, बस्स. ताम्हिणी उतरलं की लागणाऱ्या माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण 10 जुलै 1944ला इटलीत वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी गाजवलेल्या शौर्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. क्रॉस न मिळालेल्या लाखोंचं काय?

त्यांची नावं एका जागी आहेत. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना चांदीचं आणि बिगरलढाऊ नोकरांना काशाचं पदक दिलं गेलं. व्यास 36 मिलिमीटर, म्हणजे काठाची लांबी सुमारे अकरा सेंटिमीटर. त्या काठावर इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. बसऱ्याच्या दगडावर जागा मिळाली नाही, ते नाव या अकरा सेंटिमीटरवर आहे. पुष्कळ पदकं अडीअडचणीत सोनाराकडे गेली आणि वितळली. काही अजून माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीत, खापरपणजोबांची म्हणून फडक्यात बांधलेली असतील.

तुमच्या घरी असेल तर ते फडकं सोडा. पदक उन्हात तिरकं धरून सावकाश फिरवा, काठ बोटाने पुसा. अक्षरं झिजली असली तरी बोटाला लागतात. ते नाव मोठ्याने वाचा आणि वहीत मराठीत लिहून ठेवा. 13 लाखांतला एक माणूस तेवढ्याने आपल्या घरी परत येईल.