घोडेस्वाराचे चित्र : दोन नावांचा प्रश्न

१९११ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्मीज ऑफ इंडिया’ या ग्रंथातील ७२ रंगीत चित्रे मेजर ए. सी. लव्हेट यांची आहेत. चित्रकार स्वतः लष्करी अधिकारी असल्याने घोडेस्वाराचा फेटा, कमरबंद व भाला बारकाईने रंगविलेला दिसतो. तथापि चित्राखाली बहुधा पलटण व जात एवढाच उल्लेख आढळतो. स्वार अनामच राहतो. याउलट, १८१५ ते १८१९ च्या सुमारास दिल्ली परिसरात विल्यम फ्रेझर यांच्यासाठी भारतीय चित्रकारांनी काढलेल्या चित्रांत स्किनर्स हॉर्समधील अनेक स्वारांची नावे नोंदविलेली आहेत. तेथे चित्रकारच बहुतांशी अनाम आहेत. म्हणून पुणतांब्यासारख्या गावांत गणवेशधारी पूर्वजाचे चित्र आढळल्यास अभ्यासकाने व्यक्ती व चित्रकार अशी दोन्ही नावे शोधून नोंदविणे अगत्याचे ठरते.