रस्ता हवा, पण आधी विचारून



नागपूरहून सिवनीकडे निघालेली गाडी मनसरला आली की उजव्या हाताला रामटेकचा गड दिसतो. तिथून पुढे चोरबाहुली, पवनी, देवलापार ही गावे घेत रस्ता खवासाजवळ मध्य प्रदेशात शिरतो. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७. नव्या क्रमांकाप्रमाणे ४४. श्रीनगर ते कन्याकुमारी असा देशातला सर्वांत लांब महामार्ग तो हाच. आज या रस्त्यावरून जाताना मध्येच रस्ता जमीन सोडतो आणि खांबांवरून चालू लागतो. खाली पाहावे तर काही ठिकाणी ना नदी, ना रेल्वे. नुसते सागाचे जंगल. नवखा माणूस हमखास विचारतो, "अहो, इथे पूल कशाला बांधला? पैसा काय झाडाला लागला होता?"

उत्तर एका वाक्याचे आहे. वाघाला आणि इतर जनावरांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून हे पूल बांधले. पण हे एक वाक्य कागदावर यायला आणि कागदावरून सिमेंटात उतरायला किती वर्षे गेली, किती कचेऱ्या आणि किती न्यायालये झाली, ती हकीकत आपल्या सभासदांना कळावी असे आम्हांस वाटते. कारण उद्या आपल्या गावचा पांदण रस्ता, कालव्याची चारी किंवा उपसा सिंचनाची पाइपलाइन जंगलाच्या कडेने न्यायची वेळ आली की तोच प्रश्न आपल्या दारी येणार आहे.

आधी जंगलाचे पाहू. पेंचच्या जंगलाला महाराष्ट्राच्या बाजूने १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९९ साली ते व्याघ्र प्रकल्पात आले. तोतलाडोहचे धरण याच जंगलात, आणि नागपूर शहराच्या नळाला येणारे बरेचसे पाणी याच पेंच नदीचे. म्हणजे जंगल राखणे हा काही नुसता वाघाचा हट्ट नाही. आता, नकाशावर राष्ट्रीय उद्यानाची हद्द लाल रेघेने दाखवतात. पण ती रेघ वाघाला दिसत नाही. वाघाचे पिल्लू मोठे झाले की आईची हद्द सोडते आणि स्वतःसाठी जागा शोधत निघते. पेंचमधून निघालेला वाघ पूर्वेकडे नागझिऱ्याला जाऊ पाहतो, उत्तरेकडे कान्ह्याला जाऊ पाहतो. या जाण्या-येण्याच्या वाटेला वनखाते भ्रमणमार्ग म्हणते. तो बंद झाला तर एकाच जंगलातली जनावरे आपसांतच वाढतात. गावात एकच वळू पिढ्यान्‌पिढ्या ठेवला तर जनावरांचे काय होते, हे कास्तकाराला आम्ही सांगायला नको.

हा महामार्ग नेमका त्या वाटा कापून जातो. जुना रस्ता अरुंद होता, रात्री रहदारी विरळ असे, जनावरे निभावून नेत. उत्तर-दक्षिण महामार्ग योजनेत तो चौपदरी करायचे ठरले आणि वादाला तोंड फुटले. वन्यजीवप्रेमी म्हणाले, रस्ता छिंदवाड्याकडून वळवा. महामार्ग प्राधिकरण म्हणाले, अंतर वाढेल, खर्च वाढेल, आहे तोच रस्ता रुंद करू. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकार समितीपुढे गेले. आमच्या बाजूला नागपूर खंडपीठापुढेही ते आले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने जागा पाहून सांगितले की रुंदीकरण करायचेच असेल तर अमुक ठिकाणी अमुक लांबीचे मोकळे मार्ग रस्त्याखाली ठेवा. प्राधिकरणाला ती लांबी जास्त वाटली. मग पत्रे, उत्तरे, पुन्हा पत्रे.

आणि दरम्यान रस्ता? रुंद व्हायचा म्हणून दुरुस्ती नाही, आणि परवानगी नाही म्हणून रुंदीकरण नाही. खड्डे असे की ट्रकचे पाटे तुटत. देवलापारचा आजारी माणूस नागपूरच्या दवाखान्यात न्यायचा तर जीव मुठीत धरून न्यावा लागे. तेव्हा कोणी 'वाघ मोठा की माणूस' असे चिडून विचारले असेल, तर त्या माणसाला आम्ही दोष देणार नाही. पण प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला जात होता असे आमचे मत आहे. रस्ता करणारी कचेरी सरकारची आणि वाघ राखणारी कचेरीही सरकारचीच. दोघींची पहिली खरी भेट न्यायालयाच्या दारात व्हावी, तीही रस्त्याचा आराखडा तयार झाल्यानंतर, हे काही बरोबर नव्हे. आराखडा काढताना साध्या पेन्सिलीने जी दुरुस्ती झाली असती, ती नंतर कोटीच्या हिशेबाने करावी लागली.

शेवटी काय झाले ते पाहा. महाराष्ट्राच्या हद्दीत जंगलातून जाणाऱ्या सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यात नऊ ठिकाणी रस्ता उंच उचलला गेला. त्यांत पाच खास जनावरांसाठीचे मार्ग आणि चार लहान पूल. लांबी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. ७५० मीटर म्हणजे पाऊण किलोमीटर! एवढ्या लांब पुलाखालून वाघ जाईल की नाही, अशी शंका पुष्कळांना होती. ती शंका वन्यजीव संस्थेने कॅमेऱ्यावर सोडली. मार्च २०१९ ते डिसेंबर २०१९ या दहा महिन्यांत पुलांखाली ७८ कॅमेरे लावले. जनावर समोरून गेले की आपोआप फोटो निघतो असे ते कॅमेरे. वन्य प्राण्यांच्या अठरा जाती या मार्गांवरून जाताना टिपल्या गेल्या. वाघ ८९ वेळा दिसला, आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटवली तेव्हा ते अकरा वेगवेगळे वाघ निघाले. चितळ आणि रानडुकरांची तर ये-जा रोजचीच. बिबट, रानकुत्री यांनीही वाट धरली. वरून ट्रक धडधडत जात आहे आणि खालून वाघ आपल्या चालीने जात आहे, असे चित्र यापूर्वी आपल्या देशात फारसे कोणी पाहिले नव्हते.

त्याच कॅमेऱ्यांत माणसेही दिसली, गुरेही दिसली. पुलाखाली सावली असते, गुराखी बसणारच. ते कसे थोपवायचे याचा विचार आधी गावाला घेऊन करायला हवा होता. जनावराचा मार्ग आखताना गुराख्याचा मार्गही आखावा लागतो. तो आखला नाही, तर नंतर फक्त पाट्या लावाव्या लागतात, आणि पाटी म्हैस वाचत नाही.

खवासाच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीतही नंतर असेच मार्ग झाले. तिथे रस्त्याच्या कडेला गाड्यांचा आवाज आणि उजेड अडवणाऱ्या उंच भिंतीही बसवल्या. तो पट्टा सप्टेंबर २०२१ मध्ये रहदारीस खुला झाला.

आता दुसरी बाजू. जिथे कोणी आधी विचारलेच नाही तिथे काय होते? फार लांब जायला नको. नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगाव आहे. वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाचा 'बाजीराव' नावाचा मोठा नर वाघ डिसेंबर २०१७ मध्ये याच रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. रेल्वेमार्ग जुना, रस्ताही जुना. ते आखले गेले त्या काळी भ्रमणमार्ग हा शब्दच कचेऱ्यांत नव्हता. त्या लोकांना नावे ठेवून उपयोग नाही. पण जुन्या रस्त्याचे रुंदीकरण आणि जुन्या लाईनीचे दुहेरीकरण ही तर नवी कामे आहेत ना? नव्या कामाला जुन्या अज्ञानाची सबब चालणार नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्यात २००६ साली दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाला कायद्याचा आधार मिळाला. त्या दुरुस्तीप्रमाणे व्याघ्र प्रकल्पाची जमीन, आणि एका संरक्षित जंगलाला दुसऱ्याशी जोडणारी जमीनसुद्धा, जंगलाला बाधक अशा कामासाठी वळवायची नाही. सार्वजनिक हिताचे काम असेल तर प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता पाहिजे. या मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान, तर राज्य मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री. कागद उपवनसंरक्षकांकडून निघून मुख्य वन्यजीव रक्षकांमार्फत राज्य मंडळाकडे आणि तिथून दिल्लीला जातो. एवढ्या पायऱ्या चढताना कागदाला दम लागतो, हे आम्हांला मान्य आहे. पण बहुतेक कागद अडतात ते पायऱ्या जास्त म्हणून नव्हे, तर खालच्या पायरीवरच अर्धवट भरलेले असतात म्हणून. नकाशा नाही, गट नंबर चुकलेला, वनखात्याची पाहणीच झालेली नाही.

तेव्हा खरा प्रश्न खालच्या पायरीचा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांना यात काही जागा आहे की नाही? आहे, पण ती कोणी मागत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या पट्ट्याची, म्हणजे बफरची, हद्द ठरवताना संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करावा असे त्याच कायद्यात लिहिलेले आहे. व्याघ्र प्राधिकरणाने २०१२ साली पर्यटनाचे जे नियम केले, त्यांत विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक सल्लागार समिती सांगितली आहे आणि तीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधीही घ्यायचे आहेत. उलट बाजूही सांगायला हवी. जंगलाची जमीन वळवताना ग्रामसभेची संमती घ्यावी असे केंद्राने २००९ साली सांगितले होते. रस्ते, कालवे, विजेच्या तारा अशा लांबलचक कामांना २०१३ साली त्यातून सूट दिली. म्हणजे ज्या कामाने गावाचे शिवार उभे चिरले जाते, नेमके तिथेच गावाला विचारणे ऐच्छिक झाले! हे आम्हांला पटत नाही.

आणि गावाला विचारले असते तर गावाने काय सांगितले असते? पुष्कळ. रोही कुठल्या धुऱ्यावरून उतरतो, डुकरांचा कळप कोणत्या नाल्याने वर येतो, उन्हाळ्यात बोडी आटली की अस्वल कुणीकडे वळते, हे रात्रीची जागल करणाऱ्या कास्तकाराला पाठ असते. ज्याचा उभा ऊस डुकरांनी लोळवला त्याला त्यांची वाट विचारायला डेहराडूनहून माणूस यावा लागत नाही. डेहराडूनच्या माणसाचे शास्त्र आणि धुऱ्यावरच्या माणसाचे ध्यान एकाच नकाशावर आले तर निम्मे भांडण तिथेच मिटेल. रस्त्याखालचा मार्ग चुकीच्या ठिकाणी काढला तर जनावर नेमके वावरात उतरते, आणि मग नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याच्या मागे आपणच फिरतो.

कालव्यांचे एक वेगळे सांगितले पाहिजे, कारण पाणी हा आपल्या ऊसवाल्यांचा जिव्हाळ्याचा विषय. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झाले २०१२ साली. मधल्या चोवीस वर्षांत कालव्यांच्या रेघा आखल्या, खोदल्या गेल्या. जंगलाचा विचार नंतर आला. सिमेंटचे अस्तर केलेला कालवा माणसाला चांगला, गळती कमी. पण त्याचा उतार गुळगुळीत. पाणी प्यायला उतरलेले चितळ घसरले की वर येऊ शकत नाही. आपले गोऱ्हेही येऊ शकत नाही. ठरावीक अंतरावर खडबडीत उतरण ठेवली आणि जंगलाच्या वाटेवर कालव्यावरून रुंद मातीचा पूल दिला तर जनावर वाचते आणि गुरेही वाचतात. अस्तर करतानाच हे केले तर खर्च थोडा. अस्तर फोडून करायचे तर ठेकेदार दुप्पट सांगतो.

समृद्धी महामार्गाच्या वेळी ही अक्कल बरीचशी आधी वापरली गेली हे नमूद केले पाहिजे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर जनावरांसाठी खालून आणि वरून मार्ग आराखड्यातच धरले होते. एप्रिल २०२२ मध्ये त्यांतल्याच एका वरच्या मार्गाची कमान बांधकाम चालू असताना कोसळली आणि उद्‌घाटन पुढे गेले, तो भाग निराळा. तो बांधकामाचा प्रश्न होता. आखणी आधी केली ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ साली रस्ते, रेल्वे आणि विजेच्या तारांसाठी काय काय करावे याची एक मार्गदर्शक पुस्तिकाच काढली आहे. ती जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या टेबलावर असावी. कपाटात नको.

आता आपल्यापुरते. आपल्या कार्यक्षेत्रातल्या ज्या गावांची शिव जंगलाला लागून आहे, तिथल्या सभासदांनी रस्ता, चारी, पाझर तलाव किंवा पाइपलाइन यांचा ठराव ग्रामसभेत मांडताना त्याच ठरावात एक ओळ जास्त घालावी: अंदाजपत्रक करण्यापूर्वी वनखाते, बांधकाम किंवा पाटबंधारे खाते आणि ग्रामपंचायत यांनी मिळून जागेवर संयुक्त पाहणी करावी. पाहणीला गावातला गुराखी आणि जागल करणारा माणूस जरूर न्यावा. पाहणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा व्हावी, कारण जनावरांची वाट पाण्याप्रमाणे बदलते. ठरावाची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि एक उपवनसंरक्षकांना द्यावी. काम पेंचच्या हद्दीलगत असेल तर नागपूरला व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांच्या कचेरीतही द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नये!

गळीत हंगामात ऊस भरलेले ट्रॅक्टर जंगलाच्या रस्त्याने रात्री येतात. त्या चालकांनी पुलांच्या टप्प्यात थांबू नये, टेप वाजवू नये, उसाच्या मोळ्या रस्त्यावर पाडू नयेत. मोळी पडली की डुकरे येतात, आणि डुकरांमागे आणखी कोण येते ते सांगायला नको.

ठरावाचा आणि अर्जाचा नमुना टाईप करून ठेवला आहे. तो आपापल्या गट ऑफिसात चिटबॉयकडे मागावा. सोबत गावचा नकाशा आणला तर शेतकी विभागातली मंडळी त्यावर गट नंबर टाकून देतील.