ओव्हरड्राइव्ह अडकलाय? आधी रिव्हर्स टाकू नका, मग कोटेशन द्या

या आठवड्याच्या व्हिडिओत जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचा धंदा घेतला होता. तिथे वेळ कमी पडला, म्हणून त्यातलं एकच काम इथे नीट उलगडून सांगतो. काम क्वचित येणारं आहे, पण एका चुकीत तुमचं नाव आणि गिऱ्हाइकाची गाडी दोन्ही घालवणारं आहे.

समजा, निर्मळला तुमचं दोन गाड्या मावतील एवढं शेड आहे. गास किंवा वाघोलीहून कोणीतरी येतो. वडिलांची जुनी इंग्लिश गाडी दहा-बारा वर्षं वाडीत पत्र्याखाली उभी आहे. "इंजिन चालू होतंय, पण ओव्हरड्राइव्ह अडकलाय. किती घ्याल?" अशा वेळी बहुतेक नवे मिस्त्री दोनपैकी एक करतात. "हे आपल्याकडे होत नाही" म्हणतात, किंवा अंदाजाने आकडा फेकतात. तुम्ही दोन्ही करू नका.

आधी हा प्रकार काय ते समजून घ्या. ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला जादा गिअरचा डबा. शेफिल्डच्या लेकॉक कंपनीचा, एडगर डी नॉर्मनव्हिल यांच्या रचनेचा डबा सगळ्यात गाजला. १९४८ च्या सुमारास तो स्टँडर्ड व्हॅनगार्डमध्ये आला आणि पुढे ट्रायम्फ, एमजी, जग्वार, व्होल्वो अशा कितीतरी गाड्यांत बसला. (व्हॅनगार्ड आपल्याकडे मद्रासला जुळवली जायची, म्हणून नाव ओळखीचं वाटेल.) आपली प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसेडर घेऊन बसाल तर हा डबा दिसणार नाही. बटण दाबलं की सोलेनॉइड एक झडप उघडतो, आतल्या पंपाचं ऑइल दाबाने पिस्टन ढकलतं, शंकूच्या आकाराचा क्लच जागा बदलतो आणि गाडी तेवढ्याच वेगात असताना इंजिनाचे फेरे साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात. वीज, ऑइल आणि क्लच. बिघाड या तिघांतच शोधायचा.

"अडकलाय" या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि गिऱ्हाईक ते सांगत नाही. एक, ओव्हरड्राइव्ह लागतच नाही. दोन, लागलेला सुटत नाही. उभ्या गाडीत पहिला प्रकार जास्त दिसतो आणि त्यात घाई नसते, गाडी साध्या गिअरांवर चालते. दुसरा प्रकार धोक्याचा. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घेतली तर आतला एकाच दिशेने फिरणारा रोलर क्लच आणि अडकलेला शंकू एकमेकांविरुद्ध झुंजतात आणि डबा आतून फुटू शकतो.

आता वाडीतलं शेड डोळ्यांसमोर आणा. गाडी तोंड भिंतीकडे करून उभी आहे. मालक हौसेने इंजिन चालू करतो आणि पहिली गोष्ट काय करतो? रिव्हर्स टाकतो. म्हणून फोनवरच सांगा: "मी येईपर्यंत गाडी हलवू नका. ढकलूनसुद्धा मागे नेऊ नका."

तिथे गेल्यावर पुढच्या चाकांना अडण लावा, मागची दोन्ही चाकं जॅकने उचलून गाडी स्टँडवर ठेवा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. दोन्हीकडे फिरला तर ओव्हरड्राइव्ह सुटलेला आहे. पुढच्या दिशेने फिरतो पण मागच्या दिशेने अडतो, तर तो लागलेल्या स्थितीत अडकलाय. मग डिफरन्शिअलकडचे चार बोल्ट काढून शाफ्ट सोडवा, तारेने वर बांधा आणि गाडी खुशाल मागे ढकला. याला खर्च जवळजवळ शून्य. सुटवताना दोन्ही फ्लँजवर खूण करायला मात्र विसरू नका, परत तसाच बसवायचाय.

शेडमध्ये आणल्यावर स्वस्तापासून महागाकडे जायचं. आधी वीज. इंजिन बंद, इग्निशन चालू, टॉप गिअर टाका आणि बटण दाबा. सोलेनॉइडचा 'टक' आवाज यायला हवा. नाही आला तर टेस्ट लॅम्प घेऊन फ्यूज, रिले, अर्थिंग आणि गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच बघा. हा स्विच फक्त वरच्या गिअरांतच करंट जाऊ देतो. आपल्या पट्ट्यात समुद्राची खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. तांब्याचे जोड हिरवे पडतात, आणि उंदरांनी वायर खाल्लेली असते ती वेगळीच.

जुन्या मोठ्या सोलेनॉइडला ओढताना पंधरा-वीस अँपिअर लागतात, नंतर धरून ठेवायला एक-दोन पुरतात. दांडीची सेटिंग चुकली तर मोठा करंट चालूच राहतो आणि कॉइल जळते. म्हणून नवा सोलेनॉइड बसवण्याआधी सेटिंग तपासा. ए टाइप डब्यात दांडीला ३/१६ इंचाचं भोक असतं, ते बॉडीवरच्या भोकाशी जुळवायचं.

मग ऑइल. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह एकच ऑइल वापरतात. जुनं काढा, दुधाळ आलं तर पाणी शिरलंय. जाळी धुवा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल भरा आणि घसरण वाढवणारं कसलंही 'ट्रीटमेंट' वरून टाकू नका, कारण शंकूची पकड घर्षणावरच असते. त्यानंतर झडप. तिच्यात एक अगदी बारीक भोक असतं. ते चोंदलं की दाब उतरत नाही आणि ओव्हरड्राइव्ह सुटत नाही. प्लग खोलण्याआधी इंजिन बंद ठेवून सोलेनॉइड दहा-बारा वेळा चालू-बंद करा, आत दाब राहिलेला असू शकतो.

एवढं करूनही सुटला नाही तर शंकूच चिकटलाय. ब्रेक रिंगवर बाहेरून चामड्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने चार ठोके द्यायचे, हा उपाय कंपनीच्या जुन्या मॅन्युअलमध्येच आहे. लोखंडी हातोडा घेऊ नका, रिंग बिडाची असते.

इथपर्यंत डबा खाली उतरवलेला नाही. आता पैशांकडे या. एका आकड्याचं कोटेशन देऊ नका, तीन टप्पे लिहून द्या. पहिला, घरी येऊन तपासणी, ही फी काम मिळो न मिळो घ्यायची. दुसरा, वायरिंग, ऑइल, जाळी, झडप. तिसरा, डबा उतरवून खोलणं, आणि त्याचा आकडा दुसरा टप्पा संपल्याशिवाय सांगायचा नाही. गिऱ्हाईक कुरकुरेल. "सगळं मिळून सांगा ना!" म्हणेल. हसून नाही म्हणा.

तिसऱ्या टप्प्यात खरा खर्च सुट्या भागांपेक्षा जागेचा असतो. समजा शेडचं भाडं महिना १२,००० रुपये, जागा दोन. म्हणजे एका जागेचे रोजचे २०० रुपये. सील आणि रोलर इंग्लंडहून येईपर्यंत ४० दिवस गाडी तुमच्याकडे खोलून पडली तर ८,००० रुपये बसल्या बसल्या गेले, आणि तेवढ्या दिवसांत येणारी पद्मिनीची क्लच प्लेट, जीपचे ब्रेक, ही रोजची कामं परत गेली ती वेगळी. म्हणून भाग हातात आल्यावरच डबा उतरवा. तोवर गाडी मालकाच्या दारात. भागांचे पैसे पूर्ण आगाऊ.

या गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं आणखी एक आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, मोठे फेरफार न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणी फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. रोजच्या वापराला किंवा भाड्याला ती गाडी चालत नाही. म्हणजे ओव्हरड्राइव्ह काढून साधा पाच गिअरचा बॉक्स ठोकण्याचा सल्ला गॅरेजला सोपा वाटला, तरी मालकाला महागात पडू शकतो. मूळ डबा जपून दुरुस्त करणारा माणूस म्हणून तुमचं नाव व्हायला हवं. ही गिऱ्हाइकं एकमेकांना ओळखतात, रॅलीत भेटतात, नंबर एकमेकांना देतात.

ट्रायल मोकळ्या रस्त्यावर घ्या, मालकाला शेजारी बसवून. कार्तिकात निर्मळची जत्रा भरलेली असताना गावातून नकोच. टॉप गिअरमध्ये बटण दाबल्यावर फेरे उतरले पाहिजेत, सोडल्यावर चढले पाहिजेत, थंड असताना आणि अर्धा तास चालवून गरम झाल्यावरही. चारही नोंदी बिलाच्या मागे लिहा, तारीख आणि किलोमीटर टाका, मालकाची सही घ्या. एक प्रत त्याला, एक फाइलला.