निरोगी घशातील प्रतिरोधक जीवाणू

ताप उतरला, घसा मोकळा झाला, म्हणजे प्रतिजैविकाचे कार्य संपले, असे आपण व रुग्ण दोघेही गृहीत धरतो. औषध संपल्यावर घशात काय उरते, याचा विचार व्यवसायाच्या घाईत सहसा होत नाही. या प्रश्नाशी थेट संबंधित असे एक संशोधन २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी ते अवश्य ध्यानी घ्यावे.

बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी २२४ निरोगी स्वयंसेवक निवडले. काहींना अ‍ॅझिथ्रोमायसिन तीन दिवस, काहींना क्लॅरिथ्रोमायसिन सात दिवस व उर्वरितांना औषधविरहित गोळ्या दिल्या. तपासले ते घशात स्वभावतः वास करणारे स्ट्रेप्टोकोकस जीवाणू. दोन्ही औषधांनंतर त्यांतील प्रतिरोधक जीवाणूंच्या टक्केवारीत सरासरी सुमारे ५० अंकांची भर पडली. पहिल्या गटात चौथ्या दिवशी, दुसऱ्यात आठव्या दिवशी. १८० दिवसांनंतरही हे प्रमाण औषधविरहित गटाहून अधिकच होते. औषध तीन दिवसांचे, परिणाम सहा महिन्यांचा!

‘शरीराला औषधाची सवय होते’ असे रुग्ण म्हणतात. वस्तुतः शरीर तेच राहते. संवेदनशील जीवाणू नष्ट झाल्याने रिकामी झालेली जागा प्रतिरोधक जीवाणू व्यापतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन ऊतींमध्ये दीर्घकाळ रेंगाळते. दिवसातून एकच गोळी पुरते ही त्याची सोय आपण कौतुकाने सांगतो, पण त्याच गुणामुळे हा निवडीचा काळही लांबतो. क्लॅरिथ्रोमायसिनचा दोष निराळा. त्याने ‘ईआरएम-बी’ जनुक धारण करणारे जीवाणू वाढविले, आणि या जनुकापुढे क्लिंडामायसिनही निष्प्रभ ठरते. घशातील निरुपद्रवी जीवाणू अशी जनुके न्यूमोकोकससारख्या रोगकारक जीवाणूंना देऊ शकतात.

प्रतिश्याय बहुधा विषाणुजन्य असतो. तेथे प्रतिजैविकाचा लाभ नाही, ही निवड मात्र होतेच. लंघन, उष्णोदक, गुळण्या व विश्रांती सांगून दोन दिवस थांबण्याचे धैर्य चिकित्सकाकडे हवे. न्यूमोनियाची शंका असता विलंब नको. तेथे प्रतिजैविक नाकारण्यात कसला आयुर्वेदाभिमान?

आम्ही केसपेपरवर एक प्रश्न वाढविला आहे: गेल्या सहा महिन्यांत कोणते प्रतिजैविक घेतले? अनेकांना नाव आठवत नाही, तेव्हा रिकामी पट्टी आणावयास सांगतो. जुनी चिठ्ठी दाखवून तीच पट्टी पुन्हा मागणाऱ्या ग्राहकास नकार देणे दुकानदारास जड जाते, हे आम्ही जाणतो. अशा ग्राहकास चिकित्सकाकडे परत धाडावे. या फेरतपासणीचे शुल्क आम्ही घेत नाही.