सल्लागार आणि अर्जदार

कुशल व्यावसायिक म्हणून ऑस्ट्रेलियात कायमचे वास्तव्य करू इच्छिणारे अनेक भारतीय प्रथम एखाद्या सल्लागाराच्या कचेरीत जातात. नियमांची गुंतागुंत पाहता हे स्वाभाविक आहे. परंतु सल्लागार काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याची स्पष्ट कल्पना नसली, तर अर्जदाराचा पैसा व वेळ व्यर्थ जातोच. शिवाय पुढील काही वर्षांसाठी त्या देशाचे दारही त्याला बंद होऊ शकते.

वंशभेदावर आधारलेल्या प्रवेशधोरणाचे उरलेसुरले अवशेष ऑस्ट्रेलियाने १९७३ साली दूर केले. १९७९ साली गुणांकनाची पद्धत आली. अर्जदार कोणत्या वंशाचा आहे हे न पाहता त्याचे वय, शिक्षण, अनुभव आणि इंग्रजीचे ज्ञान मोजावयाचे, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व होय. जुलै २०१२ पासून इच्छुकाने प्रथम आपली माहिती सरकारी यंत्रणेकडे नोंदवावयाची, सरकारचे निमंत्रण आले तरच व्हिसासाठी अर्ज करावयाचा, अशी व्यवस्था सुरू झाली. निमंत्रणानंतर अर्जासाठी ६० दिवसांची मुदत मिळते.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. तीस वर्षांचा एक संगणक अभियंता घ्या. वयाबद्दल त्याला ३० गुण, पदवीबद्दल १५, भारतातील पाच वर्षांच्या अनुभवाबद्दल १० आणि इंग्रजीच्या चांगल्या प्रभुत्वाबद्दल १० गुण मिळतील. एकूण ६५. जुलै २०१८ मध्ये ठरलेली किमान मर्यादाही ६५ गुणांचीच आहे. मात्र ही मर्यादा म्हणजे केवळ उंबरठा होय. निमंत्रणे अधिक गुणांच्या उमेदवारांना आधी मिळतात. या अभियंत्याने इंग्रजीची परीक्षा पुन्हा देऊन वरची श्रेणी मिळविली, तर आणखी १० गुण पदरात पडतील. सल्लागाराला मात्र त्यात एकाही गुणाची भर घालता येणार नाही.

तथापि कुशल सल्लागाराचा उपयोग निश्चित आहे. अर्जदाराचा व्यवसाय कोणत्या सदरात बसतो, हे तो अचूक सांगू शकतो. व्हिसापूर्वी त्या व्यवसायाच्या अधिकृत संस्थेकडून कौशल्याची तपासणी करून घ्यावी लागते. संगणक क्षेत्रासाठी हे काम ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी करते. आवश्यक कौशल्य येण्यासाठी लागलेली सुरुवातीची वर्षे ही संस्था अनुभवातून वजा करते. त्यामुळे पाच वर्षांच्या नोकरीपैकी तीनच वर्षे मोजली जाऊन १० ऐवजी ५ गुण हाती येऊ शकतात. हे आधीच ध्यानात आणून देणारा सल्लागार मोठेच साह्य करतो. कारण निमंत्रणात धरलेले गुण कागदपत्रांनी सिद्ध झाले नाहीत, तर व्हिसा नाकारला जातो आणि भरलेले शुल्क सामान्यतः परत मिळत नाही.

खरा धोका येथेच उद्भवतो. गुण कमी पडत असताना अनुभवाचे एखादे प्रमाणपत्र ‘मिळवून देण्याची’ तयारी काही मध्यस्थ दाखवितात. वेतनचिठ्ठ्या, बँकेचे उतारे, भविष्यनिर्वाह निधीची नोंद आणि आयकराची कागदपत्रे यांच्याशी ते प्रमाणपत्र ताडून पाहिले की विसंगती उघड होते. खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्यामुळे व्हिसा नाकारला गेला, तर सामान्यतः तीन वर्षे बंदी लागू होते. कागद मध्यस्थाने जोडला, मला ठाऊक नव्हते, हा बचाव पुरेसा ठरत नाही. लबाडी दुसऱ्याने केलेली असली आणि अर्जदाराला तिची कल्पना नसली, तरीही हा नियम लागू होऊ शकतो, असे ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१४ साली स्पष्ट केले.

ऑस्ट्रेलियात स्थलांतर-सल्लागारांच्या नोंदणीची पद्धत १९९२ पासून आहे. प्रत्येक नोंदणीकृत सल्लागारास क्रमांक असतो आणि तो सार्वजनिक नोंदवहीत पडताळून पाहता येतो. परंतु हे बंधन ऑस्ट्रेलियात राहून सल्ला देणाऱ्यांवर आहे. भारतातून काम करणाऱ्यास नोंदणी सक्तीची नाही. म्हणून येथील अर्जदाराने अधिक सावध राहिले पाहिजे. शुल्काचा करार लेखी असावा. सरकारी यंत्रणेतील खात्याची किल्ली स्वतःजवळही असावी. पाठविलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यावी आणि अर्ज वाचल्यावाचून संमती देऊ नये. व्हिसा देण्याचा अधिकार केवळ सरकारचा असल्याने, यशाची हमी देणाऱ्याच्या कचेरीतून उठून यावे हेच श्रेयस्कर.

सल्लागार वाट दाखवितो. अर्जातील प्रत्येक विधानाच्या सत्यतेचा भार मात्र अखेर अर्जदारालाच वाहावा लागतो. हे ज्याने प्रारंभीच ओळखले, त्याला चांगल्या सल्लागाराचा लाभ होतो आणि वाईट सल्लागारापासून त्याचे रक्षणही होते.