विश्लेषण : मराठी शिकण्यासाठी अमेरिकी सरकार पैसे का देत होते? तो निधी आटल्याने काय होईल?

एखाद्या प्रदेशाचा समाज, संस्कृती आणि भाषा एकत्र शिकवणाऱ्या ‘एरिया स्टडीज’ अभ्यासक्रमांना अमेरिकेत सहा दशकांहून अधिक काळ सरकारी अनुदान मिळत आले. २०२५ मध्ये ते मध्येच थांबवण्यात आले. वरवर पाहता ही परदेशी विद्यापीठांची अडचण. पण या अनुदानाच्या आधारे शिकवल्या जाणाऱ्या भाषांमध्ये मराठीही आहे आणि महाराष्ट्रावरच्या काही मोलाच्या पुस्तकांचे मूळ अशाच विभागांत आहे.

नेमके काय घडले?

अमेरिकेच्या शिक्षण विभागात परकीय भाषा आणि प्रदेश-अभ्यासाचे काम पाहणारे स्वतंत्र कार्यालय होते. मार्च २०२५ मधील कर्मचारीकपातीत ते जवळपास रिकामे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, २०२२ ते २०२६ या चार वर्षांसाठी मंजूर झालेल्या अनुदानाचे शेवटचे वर्ष मिळणार नसल्याचे विद्यापीठांना कळवण्यात आले. शैक्षणिक वर्ष तोवर सुरू झाले होते.

या अनुदानाचे दोन भाग. एक, प्रदेशनिहाय केंद्रांना मिळणारा पैसा; त्यातून भाषाशिक्षकांच्या पगाराचा काही भार उचलला जातो. दुसरा, ‘फ्लास’ ही शिष्यवृत्ती. परकीय भाषा शिकणाऱ्या एमए-पीएचडीच्या विद्यार्थ्याला त्यातून शुल्काचा मोठा वाटा आणि निर्वाहभत्ता मिळत असे. परदेशी शिष्यवृत्त्या धरून या साऱ्या कार्यक्रमांची वार्षिक तरतूद सुमारे साडेआठ कोटी डॉलर होती. अमेरिकी अर्थसंकल्पात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान आहे. कात्री पहिल्यांदा लागली असेही नाही. २०११ मध्ये हा निधी सुमारे ४० टक्क्यांनी घटवण्यात आला होता. त्या धक्क्यातून अनेक केंद्रे पुरती सावरलीच नाहीत.

‘एरिया स्टडीज’च्या एमएमध्ये काय शिकवतात?

इतिहासाचा विद्यार्थी काळ धरून चालतो, अर्थशास्त्राचा विद्यार्थी बाजार आणि आकडे. इथला विद्यार्थी आधी एक प्रदेश निवडतो : दक्षिण आशिया, पश्चिम आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका. मग त्या प्रदेशाचा इतिहास, धर्म, साहित्य, राजकारण, समाजरचना असे सगळे वेगवेगळ्या प्राध्यापकांकडून शिकतो. शेवटी प्रबंधिका लिहितो. ब्रिटनमध्ये असा एमए बहुधा एका वर्षाचा असतो, अमेरिकेत आणि जर्मनीत दोन वर्षांचा. ऑक्सफर्डमध्ये आधुनिक दक्षिण आशियाचा एक वर्षाचा आणि दोन वर्षांचा असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत.

या सगळ्याला बांधून ठेवणारा धागा म्हणजे भाषा. तीच काढली, तर थोडा इतिहास, थोडे राजकारण आणि थोडे सिनेमे अशी मिसळ उरते.

सरकारांना यात रस कशासाठी?

ज्ञानाची ओढ हे कारण आहेच, पण पैसा त्यासाठी सुटत नाही. लंडनमधील ‘सोआस’ ही संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली, ती साम्राज्याच्या कारभाराला पौर्वात्य भाषा जाणणारी माणसे हवी होती म्हणून. तिची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते लॉर्ड रे, म्हणजे १८८५ ते १८९० या काळातले मुंबईचे गव्हर्नर.

अमेरिकेत निमित्त झाले उपग्रहाचे. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ सोडला आणि आपण मागे पडल्याची धास्ती वॉशिंग्टनला बसली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. नावातच ‘संरक्षण’ असलेल्या या कायद्याच्या सहाव्या प्रकरणात परकीय भाषा आणि प्रदेश-अभ्यासासाठी पैसा ठेवण्यात आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संस्कृतचे अभ्यासक डब्ल्यू. नॉर्मन ब्राऊन यांनी दक्षिण आशियाचा विभाग १९४८ मध्येच सुरू केला होता. अशा विभागांना आता सरकारी बळ मिळाले. ब्राऊन यांच्याच पुढाकाराने १९६१ मध्ये ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ उभी राहिली. मराठी शिकणारे अमेरिकी विद्यार्थी याच संस्थेच्या वर्गांसाठी पुण्यात येत राहिले.

पुस्तकांची कथा तर आणखी गमतीची आहे. ‘पीएल-४८०’ खाली रेशनवर आलेला अमेरिकी लाल गहू जुन्या पिढीच्या लक्षात असेल. त्या गव्हाचे पैसे भारत रुपयांत चुकते करी. हे रुपये भारतातच खर्च करणे भाग होते. त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेची ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवू लागली. मराठी कादंबऱ्या, दिवाळी अंक, जिल्ह्याच्या गावी छापलेल्या पुस्तिका शिकागो आणि फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयांत पोहोचल्या त्या अशा.

इंग्रजीत सगळे मिळत असताना भाषा कशाला?

याचे उत्तर महाराष्ट्रावर काम केलेल्या परदेशी अभ्यासकांकडे पाहिले की कळते.

एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवरचा प्रबंध पूर्ण केला. त्या काळी अमेरिकी विद्यापीठांत गांधी-नेहरूंवर ढिगाने लिहिले जात होते, आंबेडकरांवर जवळजवळ काहीच नाही. बाबासाहेबांचे इंग्रजी ग्रंथ कुणालाही वाचता आले असते. पण चळवळ उभी राहिली ती ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’मधून, जलशांतून, सभांतल्या भाषणांतून आणि कार्यकर्त्यांच्या आठवणींतून. हे सगळे मराठीत होते. झेलियट पुढे मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकवत राहिल्या आणि दलित साहित्य इंग्रजी वाचकांपर्यंत नेण्यात त्यांचा मोठा हात राहिला.

जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमधले गुंथर सोंथायमर आणखी पुढे गेले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचे त्यांचे पुस्तक १९७६ मध्ये जर्मनमध्ये आले. त्यासाठी छापील मराठी पुरेशी नव्हती. धनगरांच्या ओव्या रात्र-रात्र ऐकायच्या, ध्वनिमुद्रित करायच्या, त्यातला शब्द माणदेशातला की आणखी कुठला हे विचारायचे, असे ते काम होते. संस्कृत ग्रंथांत न सापडणारा, मेंढपाळांच्या वाटांनी फिरणारा महाराष्ट्र त्यामुळे अभ्यासाच्या नकाशावर आला.

मॅक्सीन बर्नसन यांचा मार्गच निराळा. पेनसिल्व्हेनियात भाषाशास्त्राचा प्रबंध केला तो फलटणच्या बोलीवर : एकाच गावात कोण कसे बोलतो आणि त्यात जात, शिक्षण कुठे डोकावते. जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे संदर्भ व्याकरण आणि वाचनपाठ तयार केले. नंतर भारतीय नागरिकत्व घेऊन त्या फलटणला राहिल्या आणि शाळा चालवू लागल्या. गेल ऑम्व्हेट बर्कलीहून ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी आल्या आणि कासेगावच्या झाल्या. अमेरिकेच्या ‘संरक्षणा’साठी आखलेल्या धोरणातून हे असे काही निघेल, असे कायदा करणाऱ्यांच्या मनातही आले नसेल.

कधीकधी एक भाषाही पुरत नाही. गोव्याच्या समाजावर काम करायचे तर पोर्तुगीज, मराठी आणि कोकणी तिन्ही लागतात. त्यातही जुनी मराठी कागदपत्रे मोडीत. पणजीच्या पुराभिलेखागारात फक्त पोर्तुगीज वाचणाऱ्याला राज्यकर्त्यांचा गोवा दिसतो, देवळांच्या आणि गावकरीच्या व्यवहाराचा बराचसा भाग हातून सुटतो.

मग आधी भाषाच का कापली जाते?

कारण ती महाग आहे आणि तिचा वर्ग रिकामा दिसतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजानुसार हिंदीत कामापुरते प्रावीण्य मिळवायला पूर्णवेळ ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तास लागतात. जपानीला त्याच्या दुप्पट. दोन वर्षांच्या एमएत इतर विषय सांभाळून एवढे तास बसवणे जिकिरीचे. एका वर्षाच्या एमएत तर ते अशक्यच. मग ‘भाषा ऐच्छिक’ अशी पळवाट निघते.

शिवाय मराठी, सिंहली, पश्तो अशा भाषांच्या वर्गात दोन-चार विद्यार्थी असले तरी पुष्कळ. शिक्षक बहुधा एकच, तोही कंत्राटी. विद्यापीठाचा हिशेबनीस ‘दर विद्यार्थ्यामागे खर्च’ काढतो तेव्हा हा वर्ग सर्वांत वर येतो. नेमकी हीच तूट भरून काढण्यासाठी सरकारी अनुदान होते. इंग्रजीत चालणारा ‘भारताचे परराष्ट्र धोरण’सारखा वर्ग भरलेला असतो, त्याला धक्का लागत नाही. मराठीचा तो एक शिक्षक गेला की मात्र विषय वेळापत्रकातून जातो आणि सहसा परत येत नाही. केम्ब्रिजसारख्या विद्यापीठानेही २००६ मध्ये संस्कृत आणि हिंदीचे पदवी अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला होता. मराठीचा पाड काय?

या विद्याशाखेवर आक्षेप काय आहेत?

मोठा आक्षेप एडवर्ड सैद यांचा. १९७८ च्या ‘ओरिएन्टॅलिझम’मध्ये त्यांनी दाखवले की पूर्वेविषयीचे पाश्चात्त्य ज्ञान सत्तेपासून वेगळे काढता येत नाही. लॉर्ड रे आणि स्पुटनिकचा इतिहास पाहता हा आरोप हवेतला नाही.

दुसरा आक्षेप नकाशाचा. ‘दक्षिण आशिया’ हा कप्पा दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. माणसे मात्र कप्प्यांत राहत नाहीत. कोकणातले बेने इस्रायल ज्यू इस्रायलला गेले आणि तिथूनही ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढत राहिले. त्यांचा अभ्यास करायचा कुठे, दक्षिण आशिया विभागात की पश्चिम आशिया? मॉरिशसच्या मराठी भाषकांचेही तेच. अशा विषयाचा विद्यार्थी दोन विभागांच्या मधल्या जिन्यावर उभा असतो.

मराठी विद्यार्थ्याने हा मार्ग धरावा का?

धरावा, पण हिशेब करून. अमेरिकेची ‘फ्लास’ शिष्यवृत्ती तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच असते, त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याचे थेट नुकसान झालेले नाही. भाषावर्ग मात्र त्याच्यासाठीही बंद होतात. ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या एमएसाठी चेव्हनिंगसारखी शिष्यवृत्ती आहे, पण स्पर्धा तीव्र. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्राला १५०० युरो भरावे लागतात. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा.

दक्षिण आशियाच निवडला तर मातृभाषा येते म्हणून सुटका होईल असे समजू नये. अनेक ठिकाणी दुसरी भाषा घ्यावी लागते आणि ते फायद्याचेच आहे : मराठीच्या जोडीला फारसी घेतली तर शिवकाल आणि पेशवाईची कागदपत्रे वेगळ्याच रीतीने उलगडतात. नोकरीचे काय, हा घरून हमखास येणारा प्रश्न. संशोधन, ग्रंथालये, संग्रहालये, पत्रकारिता, अनुवाद, स्वयंसेवी संस्था ही क्षेत्रे आहेत. मात्र पदवीपेक्षा तिच्यासोबत आलेल्या भाषेलाच तिथे भाव असतो. प्रवेश घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच, की भाषेचे आठवड्याला किती तास आणि शिक्षक कायम आहे का.

आपल्याकडे काय स्थिती?

भारतातही इतर प्रदेशांचा अभ्यास होतो. १९५५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९७० मध्ये जेएनयूत विलीन झाली. मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचे केंद्र १९७१ पासून आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी, जर्मन, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश शिकण्यासाठी दरवर्षी रांग लागते.

पण आपल्याकडे प्रदेश एका इमारतीत आणि भाषा दुसऱ्या इमारतीत. जपानच्या राजकारणावर लिहिणारा जपानी वृत्तपत्र वाचू शकतोच असे नाही. रानडेतून उत्तम जपानी शिकलेली मुलगी हिंजवडीत दुभाष्याचे काम करते. तिला जपानच्या खेड्यांवर संशोधन करायला कुणी सुचवत नाही. आफ्रिकेवरचा बहुतेक अभ्यास इंग्रजी पुस्तकांवरच चालतो. मुंबईच्या बंदराचे पूर्व आफ्रिकेशी कैक पिढ्यांचे संबंध असूनही स्वाहिली शिकलेला मराठी संशोधक आजही अपवादानेच भेटतो.

अमेरिकेत आता काही विद्यापीठे कमी विद्यार्थ्यांच्या भाषा आपसांत वाटून घेत आहेत. एका ठिकाणचा शिक्षक, तीन ठिकाणचे विद्यार्थी आणि मध्ये पडदा. निधीची पुढची फेरी संसद आणि प्रशासन यांच्या ओढाताणीत ठरेल. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’चे दिल्ली कार्यालय दरम्यान आपले काम करत आहे. तिथून निघालेली नवी मराठी पुस्तके अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जाऊन पडतात. त्यावर नोंदणी क्रमांक घालायलाही मराठी वाचता येणारे माणूस लागते.