मांडवासमोरून जाणारे लोक

कोपरगावहून मनमाडच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात येवला येते. पैठणीच्या दुकानांच्या पाट्या वाचत प्रवासी पुढे निघून जातात. याच येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले, की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. कोपरगावहून दुसऱ्या दिशेला, गोदावरीच्या काठाकाठाने दहा-बारा मैल खाली गेले की पुणतांबा लागते, चांगदेवांच्या समाधीचे गाव. 2017 साली इथल्या ग्रामसभेने ठरवले, की 1 जूनपासून शेतकऱ्याने संपावर जायचे. दोन्ही घटनांमध्ये ब्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. मागण्या वेगळ्या, माणसे वेगळी, राज्यकर्तेही वेगळे. तरी एक धागा आहे. दोन्हीकडे कुणावर हात उगारायचे ठरले नव्हते, आणि बघणाऱ्यांचे मन आज ना उद्या द्रवेल, ही आशा दोन्हीकडच्या लोकांनी सोडून दिली होती.

अहिंसेचा विचार या आशेवर किती उभा आहे, हे जरा खोलात जाऊन पाहायला हवे. जैन आणि बौद्ध परंपरेत अहिंसा हे मुख्यतः ज्याचे त्याने पाळायचे व्रत होते. गांधीजींनी ते चव्हाट्यावर आणले आणि त्याला दोन हात दिले. एक आत्मक्लेशाचा. स्वतः सोसायचे, उपाशी राहायचे, लाठ्या खायच्या आणि समोरच्याला अस्वस्थ करायचे. दुसरा असहकाराचा. ज्याच्या जोरावर अन्याय चालतो ते आपले श्रम, आपला पैसा, आपली मान्यता काढून घ्यायची. 1909च्या ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांचा मुद्दा असा होता, की इंग्रजांनी हिंदुस्थान जिंकून घेतला असे नाही, आपणच तो त्यांच्या हाती ठेवला आहे.

पहिल्या हाताला प्रेक्षक लागतो. 21 मे 1930 रोजी धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रही रांगेने पुढे जात होते आणि डोक्यावर लाठ्या खाऊन पडत होते. ते वेब मिलर या अमेरिकी वार्ताहराने पाहिले आणि जगभर छापून आणले, म्हणून त्या लाठ्यांना अर्थ आला. मारणारा आणि मार खाणारा एवढे दोघेच असते, तर तो नुसता मार ठरला असता.

महाराष्ट्रात या पद्धतीला सर्वांत लखलखीत यश मिळाले ते पंढरपुरात. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 रोजी उपोषण सुरू केले आणि दहाव्या दिवशी ते सुटले. मंदिर उघडले. या दहा दिवसांमागे काही महिन्यांची पायपीट होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले, गावोगावी सभा घेतल्या. ते उपाशी बसले तेव्हा घराघरांत त्यांच्यासाठी जीव टांगणीला लागलेली माणसे तयार होती.

नाशिकच्या काळाराम मंदिराची गोष्ट अशी नाही. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला तो सत्याग्रह पाच वर्षे चालला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी शिस्तीत मोर्चे नेले, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड खाल्ले, तुरुंग भोगले. विरोध करणारे सनातनी थोडेच होते. त्यांच्या मागे उभा असलेला मोठा समाज मात्र गप्प होता आणि ती गप्प राहणारी संख्याच दाराला अडसर ठरली. येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशात यापुढे शक्ती खर्चू नका, असे सांगितले. पंढरपुरात जी पद्धत पुढे फळली, ती नाशिकला पाच वर्षे भिंतीवर आपटत राहिली होती. एक फरक नजरेआड करता येत नाही: पंढरपुरात उपाशी बसलेला माणूस प्रेक्षकांच्याच जातीव्यवस्थेतला वरचा होता. कुणाचे सोसणे पाहून समाज कळवळतो, याचाही एक उतरता क्रम असतो. येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात लाखो लोक धर्म सोडून बाहेर पडले. तोही असहकारच होता, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा असहकार या देशाने क्वचितच पाहिला असेल.

प्रेक्षकाने पाठ फिरवली की तिसरीही एक वाट फुटते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेरचे सेनापती बापट 1921पासून मुळशी सत्याग्रहात होते. टाटांच्या धरणात मावळ्यांची गावे बुडणार होती. जमिनींत हितसंबंध असलेले पुण्याचे सावकार नुकसानभरपाई घेऊन बाजूला झाले, आंदोलन विझत गेले. अखेर 1924मध्ये बापट आणि मोजके सहकारी रेल्वेमार्गावर दगड रचून पिस्तुलासह उतरले, आणि शिक्षा भोगायला गेले. धरण झालेच.

आज कुठल्याही तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर एक मांडव दिसतो. दोन सतरंज्या, मागे फ्लेक्स, पुढे चार-पाच माणसे आणि कोपऱ्यात पाण्याचा जार. पाणंद रस्ता, घरकुलाचा अडकलेला हप्ता, पीकविमा, गायरानावरचे अतिक्रमण अशी कारणे असतात. तिसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणी होते, पाचव्या दिवशी नायब तहसीलदार लेखी आश्वासनाचा कागद घेऊन येतात, मोसंबीचा रस दिला जातो, फोटो निघतो. सहा महिन्यांनी त्याच जागी तीच माणसे पुन्हा बसतात, फ्लेक्सवरची तारीख तेवढी बदललेली असते. समोरून बाजाराला जाणारे लोक गाडी हळूही करत नाहीत. त्यांना निर्दय म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी हा प्रयोग फार वेळा पाहिला आहे.

म्हणून आंदोलकही नवे काहीतरी शोधत राहतात. घंटानाद, अर्धनग्न मोर्चा, नदीत उभे राहून जलसमाधीचा इशारा. पाण्याच्या टाकीवर चढण्याला तर वार्ताहरांनी ‘शोले स्टाईल’ असे नावही देऊन टाकले आहे. हसू येते, पण यात एक घसरण आहे. लक्ष वेधण्यासाठी दर वेळी आवाज चढवावा लागतो, आणि त्या चढणीच्या टोकाला हिंसा उभी असते.

याचा सर्वांत ठळक दाखला अहिल्यानगर जिल्ह्यातच सुरू झाला. जुलै 2016मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका मुलीवर झालेल्या अत्याचार आणि हत्येनंतर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. पहिला 9 ऑगस्टला औरंगाबादेत. पुढच्या वर्षभरात असे पन्नासहून अधिक मोर्चे झाले. लाखो माणसे, घोषणा नाही, पुढाऱ्याचे भाषण नाही, मागे रस्ता झाडून जाणारी पोरे. जगात शिकवावे असे ते उदाहरण होते. कौतुकाचे लेख भरपूर आले, आरक्षणाचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. जुलै 2018मध्ये कायगाव टोक्याला एका तरुणाने गोदावरीत उडी घेऊन जीव दिला, त्यानंतर बंद, दगडफेक, जाळपोळ झाली, आणि त्याच नोव्हेंबरात विधिमंडळाने कायदा केला. तो कायदा 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, ही निराळी गोष्ट. पुढे 2023मध्ये त्याच मागणीसाठी अंतरवाली सराटीत 29 ऑगस्टला उपोषण सुरू झाले, तरी साऱ्या राज्याला त्या गावाचे नाव कळले ते 1 सप्टेंबरच्या लाठीमारानंतर. यातून पोराटोरांनी कोणता धडा घ्यावा, अशी आपली अपेक्षा आहे?

देशपातळीवरही तेच. 2011च्या जूनमध्ये डेहराडूनच्या ज्या रुग्णालयाबाहेर रामदेवबाबांच्या उपोषणामुळे कॅमेऱ्यांची झुंबड होती, त्याच रुग्णालयात स्वामी निगमानंद नावाचा साधू मरणपंथाला लागला होता. गंगेच्या पात्रातल्या उत्खननाविरुद्ध तो फेब्रुवारीपासून उपोषणाला बसला होता. 13 जूनला तो गेला, तेव्हा लोकांनी त्याचे नाव पहिल्यांदा ऐकले. मणिपूरच्या इरोम शर्मिला यांनी 2000 ते 2016 अशी सोळा वर्षे अन्न घेतले नाही. त्यांना नळीने जगवले जात होते. उपोषण सोडून त्या 2017मध्ये थौबालमधून विधानसभेला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना नव्वद मते पडली.

अण्णा हजारे यांच्याइतका चढउतार दुसऱ्या कुणी पाहिला नसेल. 2011च्या ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर त्यांच्यासाठी टोप्या घालून देश लोटला होता. त्याच वर्षी 27 डिसेंबरला मुंबईच्या एमएमआरडीए मैदानावर ते बसले, तेव्हा मैदान भरले नाही आणि दुसऱ्याच दिवशी उपोषण संपले. 2018च्या मार्चमध्ये रामलीला मैदानावर सात दिवस, 2019च्या जानेवारीअखेरीस राळेगणसिद्धीत सात दिवस. माणूस तोच, पद्धत तीच, मागणीही बरीचशी तीच. 2014च्या जानेवारीत लोकपाल कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि पहिला लोकपाल नेमायला 2019चा मार्च उजाडला, त्या मधल्या पाच वर्षांत कुणाची झोप उडाल्याचे दिसले नाही.

हे सगळे केवळ माणसे स्वार्थी झाल्यामुळे घडते, असे म्हणणे सोपे आहे आणि अपुरेही. कोपरगावचेच पाहा. गोदावरीच्या काठी वसलेल्या या शहरात उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आलेले लोकांनी पाहिले आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो टाकी बांधतो, बोअर घेतो, जार मागवतो, आणि त्या दिवसापासून नगरपालिकेवरच्या हंडा मोर्चाशी त्याचे देणेघेणे उरत नाही. शाळा, दवाखाना, वीज, बस सगळीकडे हेच झाले. ऐपत असलेल्यांनी सार्वजनिक सोयींतून अंग काढून घेतले, तसे त्या सोयींसाठी उपाशी बसणाऱ्याशी त्यांचे नाते तुटले. खंडकरी शेतकऱ्यांचा लढा हे याच भागातले उदाहरण. साखर कारखान्यांनी खंडाने घेतलेल्या जमिनी कमाल धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या आणि मूळ शेतकरी त्या परत मागत दशकानुदशके मोर्चे काढत, कोर्टात खेटे घालत राहिला. कॉम्रेड माधवराव गायकवाड त्यासाठी म्हातारे झाले. 2012च्या सुमारास जमिनींचे वाटप सुरू झाले तोवर एक पिढी संपली होती. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरच्या बाहेर हा लढा किती जणांना ठाऊक आहे?

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी 1900 ते 2006 या काळातल्या 323 चळवळी तपासल्या. हिंसक चळवळींपैकी साधारण 26 टक्के यशस्वी झाल्या, अहिंसक 53 टक्के. पण या यशाचे कारण समोरच्याचे हृदयपरिवर्तन असल्याचे त्यांना फारसे आढळले नाही. अहिंसक चळवळीत जास्त आणि नाना थरांतली माणसे उतरतात आणि व्यवस्थेचे खांब हलू लागतात, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे वजन गांधीजींच्या दुसऱ्या हाताचे.

पुणतांब्याने नेमके तेच धरले. नोटाबंदीच्या पाठोपाठ तुरीचा आणि कांद्याचा भाव कोसळला होता. ग्रामसभेने म्हटले, घरापुरतेच पिकवायचे, शहराला दूध-भाजी पाठवायची नाही. कुणाची सहानुभूती मागितलेली नव्हती. 1 जूनला संप सुरू झाला आणि दोन दिवसांत शहरांतल्या मंडया रिकाम्या पडल्या. गाय मात्र संपावर जात नाही. तिची धार दोन वेळा काढावीच लागते, आणि दूध ठेवायला शीतगृह नसते. काहींनी ते फुकट वाटले, काहींनी रस्त्यावर ओतले, आणि वाहिन्यांनी ओतलेले तेवढे दाखवले. टेम्पो अडवून माल फेकल्याचे प्रकारही झाले, तिथे संपाची नैतिक बाजू उणी पडली. 3 जूनच्या पहाटे काही नेत्यांनी मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावरून संप मागे घेतल्याचे जाहीर केले, गावोगावच्या शेतकऱ्यांनी ते धुडकावले. अखेर 24 जूनला दीड लाखापर्यंतची, सुमारे 34 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. 2022च्या जूनमध्ये पुणतांब्यात पुन्हा आंदोलन झाले, पण या वेळी ते धरण्याच्या मांडवाचे होते. कृषिमंत्री गावात येऊन गेले, आणि महिना संपायच्या आत सरकारच गेले.

या दोन हातांची गाठ पडल्याचा एक क्षण अलीकडे दिसला तो 2018च्या मार्चमध्ये. नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी मोठ्या संख्येने, सुमारे 180 किलोमीटर चालत मुंबईत आले. दहावीची परीक्षा सुरू होती. मुलांचा खोळंबा नको म्हणून ते शीवच्या सोमय्या मैदानावरून रात्रीच उठले आणि अंधारात आझाद मैदानापर्यंत चालले. सकाळी मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर होते. डबेवाल्यांनी जेवण आणले. ज्या शहराला आपण दगडाचे म्हणतो त्याने तळपायाच्या सोललेल्या कातडीचे फोटो पाहिले आणि त्याहून जास्त म्हणजे कुणीतरी आपल्या मुलांच्या परीक्षेचा विचार केल्याचे पाहिले. बघ्याला आधी आंदोलकाने ओळख दिली, मग बघ्याने आंदोलकाला. सरकारने 12 मार्चला मागण्या मान्य केल्या. वनहक्काचे दावे त्यानंतरही रेंगाळले. 2023च्या मार्चमध्ये दिंडोरीहून पुन्हा तसाच मोर्चा निघाला, या वेळी सरकार वाटेतच बोलणीला आले आणि मोर्चा वासिंदला थांबला. मुंबईपर्यंत तो पोहोचलाच नाही, त्यामुळे बहुतेक मुंबईकरांना तो निघाला होता हेही आठवत नाही.